अबू उमैरचा पक्षी आणि आपल्या घरातला रिकामा पिंजरा

सकाळी मूल पिंजऱ्याकडे धावतं आणि लव्हबर्ड तळाशी निपचित पडलेला दिसतो. रडारड सुरू होते. मग घरातलं कुणीतरी मोठं माणूस म्हणतं, "अरे, एका पक्ष्यासाठी एवढं काय रडायचं? जुम्म्याला दुसरा आणू." बोलणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण मुलाला कळतं ते एवढंच, की आपलं दुःख इथं कुणी मोजत नाही.

मदिनेतला एक प्रसंग इथं आठवावा. हजरत अनस (रजि.) यांचा धाकटा भाऊ अबू उमैर, नुकतंच दूध सुटलेलं लेकरू. त्याच्याकडे एक नुगैर होता. नुगैर म्हणजे चिमणीएवढा छोटा पक्षी. प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांचं त्या घरी जाणं-येणं असे. एके दिवशी ते आले तर पोरगं हिरमुसून बसलेलं. चौकशी केल्यावर घरच्यांनी सांगितलं, त्याचा पक्षी मेला. तेव्हा प्रेषितांनी (सल्ल.) थेट त्या मुलाकडेच त्याच्या पक्ष्याची विचारपूस केली. तीही मोठ्या माणसाला मारावी तशी 'अबू उमैर' अशी हाक मारून, आणि उमैर-नुगैर असं यमक जुळवून. ही हदीस बुखारी आणि मुस्लिममध्ये आहे; पक्षी मेल्याचा स्पष्ट उल्लेख अबू दाऊदमध्ये येतो. शाफई आलिम इब्नुल कास यांनी या एवढ्याशा हदीसवरून साठ मुद्दे काढले आहेत. आपल्याला एक पुरे: ज्याच्या डोक्यावर सगळ्या उम्मतची जबाबदारी होती, त्याला एका पोराच्या पक्ष्याबद्दल विचारायला वेळ होता.

म्हणून आधी जवळ बसा आणि विचारा. तो काय खायचा, कसा शिट्टी मारायचा, मुलाला बोलू द्या. रडू आलं तर येऊ द्या. आपला मुलगा इब्राहीम गेला तेव्हा प्रेषितांच्याही (सल्ल.) डोळ्यांत पाणी होतं. सब्र म्हणजे अश्रू अडवणं नव्हे.

खोटं मात्र सांगू नका. "उडून गेला" म्हटलं तर मूल महिनाभर खिडकीत वाट बघत बसेल. "झोपलाय" म्हटलं तर रात्री स्वतः झोपायला घाबरेल. चार-पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना मेलेलं परत येत नाही हे एकदा सांगून उमगत नाही, तेव्हा तोच प्रश्न पुन्हा आला तर चिडू नका. "तो मेला, आता त्याला दुखत नाही, तो परत येणार नाही," हे साध्या शब्दांत सांगा.

काही मुलं मनातल्या मनात स्वतःला दोष देतात: मी दाणे घालायला विसरलो म्हणून मेला का? इथं एक गोष्ट माहीत हवी. पक्षी आजार लपवतात. अगदी शेवटपर्यंत ठणठणीत दिसतात, म्हणून मरण अचानक आल्यासारखं वाटतं. (आपल्याकडे बजीलाही लव्हबर्डच म्हणतात, दोघांचंही तसंच.) पण पिंजरा खरोखरच उन्हात राहिला असेल, तर तेही मोठ्यांनी आपल्या अंगावर घ्यावं, मुलावर ढकलू नये.

"जन्नतमध्ये भेटेल का?" हा प्रश्न हमखास येतो. जमिनीवरचे प्राणी आणि पंखांनी उडणारे पक्षी हेही आपल्यासारखेच समुदाय आहेत आणि आपल्या रबकडे जमा केले जातील, असं सूरह अल-अनआमच्या ३८ व्या आयतीत आलं आहे. मुलाला तेवढं सांगावं. पुढचं अल्लाह जाणतो. आपल्या मनाने वचनं देऊ नयेत.

पक्ष्याला गुस्ल, कफन, जनाजाची नमाज काही नाही. पण मुलासमोर कचऱ्याच्या डब्यातही टाकू नका. कागदात गुंडाळून झाडाखाली हात-दीड हात खोल खड्ड्यात पुरा, म्हणजे कुत्री-मांजरं उकरणार नाहीत. माती मुलाला टाकू द्या. एकाच वेळी बरेच पक्षी मेले असतील तर मात्र हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.

दुसरा पक्षी लगेच आणू नका. मूल स्वतः मागेल तेव्हा बघा. आणि देशी हिरवा पोपट तर नकोच, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो पाळणं गुन्हा आहे.

हे फक्त मुलांचंच नाही. दुपारभर घरात एकट्या असलेल्या दादीची मांजर गेली, तर तिच्या पायाशी घोटाळणारं आता कुणी नसतं. ती बोलून दाखवणार नाही. संध्याकाळी चहा घेताना तिलाही विचारा.