गाठ लागत नाही, तरी मानेचं ऑपरेशन का?

कालच्या भागाचं हे लिखित रूप. लोकलच्या गर्दीत नीट ऐकू आलं नसेल, तर इथे निवांत वाचा.

आजचा विषय तोंडाचा कॅन्सर, आणि त्यातला एकच प्रश्न. गेल्या वर्षी माझ्या मामाच्या जिभेच्या कडेला जखम झाली. महिना उलटला तरी भरेना. बायोप्सी केली, कॅन्सर निघाला. सुदैवानं लवकर सापडला, जेमतेम दोन सेंटीमीटरचा. सर्जन म्हणाले, "जिभेचा तेवढा भाग काढू, आणि त्याच वेळी मानेतल्या गाठीही काढू." मामीनं लगेच विचारलं, "अहो डॉक्टर, मानेत काही नाही म्हणालात ना? मग मान कशाला कापायची?"

खरं सांगतो, मलाही तेच वाटलं. आम्ही सॉफ्टवेअरवाले, नीट चालतंय त्याला हात लावू नये या पंथाचे. पण उत्तर शोधायला बसलो, आणि ते सापडलं कुठे? परळला.

आधी गाठी म्हणजे काय ते बघू

मानेत लिम्फ नोड, म्हणजे लसिकाग्रंथी, सगळ्यांनाच असतात. घसा दुखतो तेव्हा जबड्याखाली जे सुजतं, ते हेच. तोंडातून खाली येणारा लसिका नावाचा द्रव या गाठींमधून गाळून पुढे जातो. तोंडातल्या कॅन्सरच्या पेशी सुटल्या, तर बहुतेक वेळा पहिला मुक्काम इथेच करतात.

आता अडचण अशी की गाठीत शिरलेल्या पेशी सुरुवातीला अगदी थोड्या असतात. बोटाला गाठ लागत नाही, सोनोग्राफीत दिसत नाही, एमआरआयलाही चकवा देते. म्हणजे "मानेत काही नाही" या वाक्याचा खरा अर्थ असतो, "मानेत काही दिसत नाही". या दोन वाक्यांमधल्या फरकावरच आजचा सगळा भाग उभा आहे.

दोन गट, एक जुना वाद

मानेतल्या गाठी काढायच्या ऑपरेशनला नेक डिसेक्शन म्हणतात. अमेरिकेतल्या जॉर्ज क्राइल या सर्जननी १९०६ साली त्याची पद्धत मांडली. गाठ दिसत असेल तर ती काढायची, यावर कुणाचं दुमत नव्हतं. वाद होता गाठ दिसत नसेल तेव्हाचा. एक गट म्हणायचा, आत्ताच काढा. दुसरा म्हणायचा, पेशंटवर लक्ष ठेवा, गाठ आली की काढू, उगाच सगळ्यांची मान कशाला उघडायची? दोन्ही बाजू पटण्यासारख्या होत्या.

मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये २००४ ते २०१४ या काळात याची थेट चाचणी झाली. डॉ. अनिल डिक्रूझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरुवातीच्या टप्प्यातला तोंडाचा कॅन्सर असलेले, पण मानेत गाठ न लागणारे ५९६ पेशंट घेतले. कुणाला कोणता उपचार मिळणार हे डॉक्टरांनी ठरवायचं नाही, पेशंटनीही नाही. चिठ्ठी टाकल्यासारखं ठरायचं. एका गटाच्या गाठी तोंडाच्या ऑपरेशनबरोबरच काढल्या. दुसऱ्या गटात फक्त तोंडाचं ऑपरेशन, आणि मानेत गाठ आलीच तर नंतर.

पहिल्या ५०० जणांचा निकाल २०१५ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आला. तीन वर्षांनंतर आधीच गाठी काढलेल्यांपैकी ८० टक्के जिवंत होते. वाट बघणाऱ्यांपैकी ६७.५ टक्के. म्हणजे साधारण दर आठ पेशंटमागे एक जीव जास्त वाचला. वाट बघताना गाठ हाताला लागेपर्यंत आजार बऱ्याचदा पुढे गेलेला असायचा, गाठीचं आवरण फोडून बाहेर पडलेला असायचा.

मग याची किंमत काय?

किंमत आहेच. क्राइलच्या काळात गाठींबरोबर मानेचा मोठा स्नायू, मोठी शीर आणि खांद्याकडे जाणारी नर्व्ह, सगळंच काढायचे. आता हे अवयव शक्यतो वाचवतात. सर्जन मानेचे पाच पट्टे मानतात. तोंडाच्या सुरुवातीच्या कॅन्सरमध्ये सहसा वरचे तीन, कधी चौथाही साफ करतात.

तरीही खांद्याची नर्व्ह ताणली जाते. काही महिने हात खांद्याच्या वर नेताना त्रास होतो, म्हणून फिजिओथेरपी टाळायची नाही. खालच्या ओठाचा कोपरा थोडा वाकडा होऊ शकतो, मानेची कातडी बधिर राहते. टाटाच्या चाचणीत गुंतागुंत पहिल्या गटात ६.६ टक्के होती, दुसऱ्यात ३.६.

आणखी एक गोष्ट लपवून चालणार नाही. आधीच गाठी काढलेल्यांपैकी साधारण ३० टक्के लोकांच्याच गाठींमध्ये कॅन्सर सापडला. उरलेल्या ७० टक्क्यांच्या गाठी स्वच्छ होत्या. म्हणूनच आता काही ठिकाणी आधी फक्त पहिली गाठ शोधून तपासतात, तिला सेंटिनल नोड बायोप्सी म्हणतात. पण ती सोय सगळीकडे नाही.

डॉक्टरांना काय विचारायचं?

घरात असा प्रसंग आला, तर तीन प्रश्न वहीत लिहून न्या. ट्यूमर किती खोल गेलाय? (तीन-चार मिलिमीटरच्या पुढे खोली गेली की मानेतल्या गाठींचा धोका वाढतो.) कोणते पट्टे काढणार? खांद्याचे व्यायाम कधी सुरू करायचे?

मामाचं काय झालं?

ऑपरेशन झालं. दहा-बारा दिवसांनी रिपोर्ट आला. काढलेल्या सगळ्या गाठी निगेटिव्ह. मामी माझ्याकडे बघून म्हणाली, "म्हणजे उगाच कापली का रे?"

मी म्हटलं, "मामी, हे आता कळलं ना. तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं." त्याच रिपोर्टवर रेडिएशन लागणार नाही हेही ठरलं. गाठी काढल्या नसत्या, तर दर महिन्याला मान चाचपत बसावं लागलं असतं.

मामा अजून डावा हात वर करताना तोंड वाकडं करतो, पण माळ्यावरचा डबा स्वतः काढतो. तंबाखू-चुन्याची डबी मात्र मामीनं कायमची फेकून दिली.

तुमच्या घरात कुणी मावा, खर्रा, गुटखा, मिश्री यातलं काही घेत असेल, तर आज त्यांना आरशासमोर तोंड उघडायला लावा. पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, किंवा तीन आठवडे न भरणारी जखम असेल, तर घरगुती उपाय करत बसू नका, थेट डॉक्टर गाठा. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, पण तो कुठे मिळतो हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे.

भाग उपयोगी वाटला, तर फॅमिली ग्रुपवर टाका. गुड मॉर्निंगच्या फुलांपेक्षा बरं. भेटू पुढच्या भागात!