ब्रशनंतरचं करवंद

मे महिन्यात जव्हारकडे जाणं झालं तर एक प्रयोग करून बघा. सकाळी पेस्ट लावून झकास दात घासायचे आणि लगेच एक पिकलेलं, काळंभोर करवंद तोंडात टाकायचं. काल त्याच जाळीतली करवंदं ओंजळभर खाल्ली असतील, तरी आज तोंड वाकडं होईल. शी! कडवट! करवंद मिळालं नाही तर मोसंबीची फोड घ्या. तीही तितकीच वाईट लागेल.

यात करवंदाचा काही दोष नाही. ही करामत पेस्टमधल्या फेसाची. फेस करणाऱ्या पदार्थाचं नाव भलंमोठं आहे, सोडियम लॉरिल सल्फेट. काही शाम्पूंमध्येही तोच असतो. जिभेवर गोड चव ओळखणाऱ्या ज्या पेशी असतात, त्यांना तो थोडा वेळ गप्प बसवतो आणि आंबट चवीत कडवटपणा घुसवतो. गोडवा गेला, कडूपणा आला, मग करवंदात उरलं काय? थोड्या वेळानं लाळेबरोबर फेस निघून जातो आणि जीभ ताळ्यावर येते.

पेस्टची दुसरी गंमत म्हणजे तो गारवा. दात घासून तोंडानं श्वास आत ओढला की कसं गारेगार वाटतं! पण तेव्हा तोंडात थर्मामीटर धरला, तर तोंड काही थंड झालेलं दिसणार नाही. पुदिन्याच्या जातीच्या वनस्पतींमध्ये मेंथॉल नावाचा पदार्थ असतो, तोच पेस्टमध्येही घालतात. थंडी ओळखायचं काम करणाऱ्या आपल्या नसांना तो उगाचच जागं करतो आणि ‘गार लागतंय, गार लागतंय’ असा निरोप मेंदूकडे धाडायला लावतो. मेंदू बिचारा विश्वास ठेवतो.

आता गोम अशी की दात स्वच्छ व्हायला ना या फेसाची फारशी गरज असते, ना या गारव्याची. तरी दुकानात पेस्ट घेताना आपण काय बघतो? फेस भरपूर येतो का, झोंबते का, रंग कसा आहे, ट्यूबवर कोणतं कार्टून आहे. आणि जाहिरातीत तर ब्रशवर या टोकापासून त्या टोकापर्यंत पेस्टची झोकदार वेलांटी असते. तेवढी पेस्ट लागते फक्त पेस्ट विकणाऱ्याला.

मग दात नेमके साफ कशानं होतात? त्यासाठी आधी तिथे घाण कसली असते ते बघू. १६८३ मध्ये हॉलंडमधल्या लेवेनहूक नावाच्या कापडाच्या व्यापाऱ्यानं स्वतःच्या दातांमधला पांढरा लेप खरवडून आपल्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. भिंगं तो स्वतःच घासून बनवायचा. बघतो तर काय, त्या लेपात इवले इवले जीव वळवळत होते! बरं, हा गृहस्थ काही अस्वच्छ नव्हता. रोज मिठानं दात घासायचा. तरीही, आपल्या देशात जेवढी माणसं नसतील तेवढे जीव माझ्या तोंडात आहेत, अशा अर्थाचं त्यानं लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवलं. आज त्यांना आपण जिवाणू म्हणतो. तुमच्या तोंडात आत्ता हे वाचतानाही ते आहेत. त्यातले बरेचसे निरुपद्रवी असतात.

पण काही जण मात्र गोडघाशे निघतात. ते दातावर चिकट थर करून राहतात. जव्हारच्या दाभोसा धबधब्याजवळचे पावसाळ्यातले दगड आठवा. वरून एवढं पाणी कोसळतं, पण दगडावरचं शेवाळ वाहून जात नाही. ते घासूनच काढावं लागतं. दातावरच्या थराचं तसंच आहे. नुसत्या चुळा भरून तो निघत नाही. ब्रशचा मऊ केस दाताच्या प्रत्येक बाजूला, आणि जिथे दात हिरडीला टेकतो त्या कडेला, फिरावा लागतो. म्हणून तर दोन मिनिटं लागतात. रागारागानं खसाखसा घासायची मात्र गरज नाही, त्यानं हिरड्या सोलवटतात.

तुम्ही चॉकलेट खाल्लं की थरातल्या जिवाणूंनाही साखर मिळते. साखर खाऊन ते आम्ल सोडतात. दाताचं वरचं कवच, म्हणजे इनॅमल, आपल्या शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ. हाडापेक्षाही कठीण. त्यात सुमारे ९६ टक्के खनिजच असतं. पण आम्ल वाढून दातावरचा सामू (पीएच) ५.५ च्या खाली उतरला, की या कवचातून कॅल्शियम आणि फॉस्फेट सुटायला लागतं. मग लाळ धावून येते. ती आम्ल सौम्य करते आणि गेलेलं खनिज थोडं थोडं परत बसवते. याला अर्धा तास, कधी त्याहूनही जास्त वेळ लागतो. म्हणजे दहा गोळ्या एका बैठकीत फस्त करणाऱ्यापेक्षा एकेक गोळी दिवसभर चघळणाऱ्याचे दात जास्त झिजतात, कारण लाळेला सवडच मिळत नाही. चहात बुडवलेलं बिस्किट दाढांच्या खाचांत चिकटून बसतं, ते तर कितीतरी वेळ. जव्हार-मोखाड्यात नागलीची भाकरी खाऊन शाळेत जायची पद्धत आहे, ती दातांच्या दृष्टीनं बिस्किटाच्या पुड्यापेक्षा पुष्कळ बरी, असं माझं स्पष्ट मत आहे.

लाळेच्या या दुरुस्तीच्या कामात हात देणारा एक पदार्थ पेस्टमध्ये असतो, फ्लोराइड. तो सापडला त्याची कथा उलटीच आहे. १९०१ मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्प्रिंग्ज गावी फ्रेडरिक मॅके नावाचा तरुण दंतवैद्य आला. तिथल्या कितीतरी मुलांच्या दातांवर तपकिरी डाग. कारण कुणालाच ठाऊक नाही. वर्षानुवर्षं तो शोधत राहिला, आणि मध्येच त्याला दुसरंच काही दिसलं. हे डागाळलेले दात किडत नव्हते! शेवटी १९३१ मध्ये एका रसायनशास्त्रज्ञानं पाणी तपासून सांगितलं, तुमच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. जास्त झालं तर डाग, अगदी थोडं असलं तर किडीपासून बचाव. आपल्या महाराष्ट्रातही चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड जिल्ह्यांतल्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. तिथल्या मुलांच्या दातांवर असे डाग दिसतात.

म्हणूनच पेस्टमध्ये ते मोजून घालतात. आपल्या देशात कमाल मर्यादा आहे १००० पीपीएम. म्हणजे दहा लाख भाग पेस्टमध्ये एक हजार भाग फ्लोराइड. गणित करा, १०० ग्रॅमच्या ट्यूबमध्ये ते होतं जेमतेम ०.१ ग्रॅम! बाकीची सगळी ट्यूब म्हणजे घासायला बारीक खडू किंवा सिलिका, पेस्ट सुकू नये म्हणून ग्लिसरीनसारखे पदार्थ, पाणी, फेस, गोडी आणि वास. सगळ्यात मोलाचा माल एवढासाच, आणि त्याची माहितीही सगळ्यात बारीक अक्षरांत. तेव्हा पुढच्या वेळी बाजारात आईबाबांबरोबर गेलात की ट्यूब हातात घ्या आणि ती बारीक अक्षरं वाचा. फ्लोराइड आहे का? किती पीपीएम? वापरायची मुदत संपली तर नाही? १००० च्या जवळचा आकडा असलेली साधी, स्वस्त पेस्टही चालते. लहान मुलांच्या काही पेस्टमध्ये फ्लोराइड कमी असतं, काहींत नसतंच, तेही छापलेलं असतं.

जाता जाता, ट्यूबच्या तळाशी एक रंगीत चौकोनी पट्टी असते ना? हिरवी म्हणजे नैसर्गिक, काळी म्हणजे नुसती रसायनं, असं कुणी तरी मोबाइलवर पाठवलेलं असतं. साफ खोटं आहे ते. कारखान्यात ट्यूब कुठे कापायची आणि कुठे दुमडायची, हे यंत्राच्या डोळ्याला कळावं म्हणून ती खूण केलेली असते.

पेस्ट घ्यायची किती? तुमच्यासाठी वाटाण्याच्या दाण्याएवढी. तीन वर्षांखालच्या भावंडासाठी तांदळाच्या दाण्याएवढीच पुसटशी, कारण ती पिल्लं गिळतात. जव्हारशेजारच्या वाडा तालुक्यातला कोलम तांदूळ प्रसिद्ध आहे, त्याचा दाणा केवढासा असतो बघा. आणि स्ट्रॉबेरीच्या चवीची असली तरी पेस्ट हा खाऊ नव्हे.

पेस्ट येण्याआधी जव्हारच्या पाड्यांवर लोक काय करत होते? करंजाची, कडुनिंबाची किंवा बाभळीची करंगळीएवढी जाड काडी तोडायची, एक टोक चावून चावून त्याचा कुंचला करायचा आणि त्यानं दात घासायचे. आजही काही आजोबा सकाळी दातण तोंडात धरून शेताकडे निघालेले दिसतील. ही काही अडाणी युक्ती नाही. चरकसंहितेत दात घासायच्या काड्यांसाठी झाडांची जी यादी दिली आहे, तिची सुरुवातच करंजापासून होते. नायलॉनच्या केसांचा ब्रश बाजारात आला १९३८ मध्ये. त्याआधीच्या विलायती ब्रशांना चक्क डुकराचे केस असायचे. आता सांगा, काडी बरी की डुकराचे केस? दातणाची मोठी जमेची बाजू म्हणजे ते चघळणारा माणूस घाईत नसतो. अडचण एवढीच की मागच्या दाढांच्या आतल्या बाजूला काडी नीट पोचत नाही आणि तिच्यातून फ्लोराइड मिळत नाही. कोळसा आणि राखुंडी मात्र बाजूलाच ठेवा. खरखरीत पुडीनं दात चकचकीत दिसतात, कारण कवचाचा थर घासला जातो. ते कवच तयार करणाऱ्या पेशी दात बाहेर येईपर्यंत संपून गेलेल्या असतात. घासून गेलेला थर पुन्हा येत नाही.

आणि मशेरी? ती तर तव्यावर जाळलेली तंबाखूच. आजी म्हणते, ‘मशेरी लावल्याशिवाय मला सकाळ झाल्यासारखी वाटत नाही रे.’ तसं वाटतं, कारण तंबाखूतल्या निकोटिनची शरीराला सवय लागते. तोंडाच्या कर्करोगाचा धोका मात्र खराखुरा आहे. पेस्टमध्ये आणि मंजनात तंबाखू घालायला आपल्या देशात १९९२ मध्ये बंदी आली, पण घरच्या तव्यावर बंदी कोण घालणार? आजीवर ओरडू नका, तिची ही सवय फार जुनी आहे. रोज रात्री तिच्या हातात ब्रश द्या आणि शेजारी उभे राहून तुम्हीही घासा.

रात्री का? झोपेत लाळ फारच कमी सुटते. तुम्ही घोरत असता आणि तिकडे दुरुस्तीखातं बंद! जिवाणूंना मोकळं रान. म्हणून सकाळचं घासणं एखाद्या दिवशी हुकलं तर एक वेळ चालेल, रात्रीचं हुकवू नये. आश्रमशाळेत राहणाऱ्यांनी तर जेवणाची ताटं धुवायला नळावर जाताना ब्रश खिशातच न्यावा, म्हणजे दुसरी खेप नको.

नळावरून आठवलं. मोखाड्यात पावसाळ्यात धो धो पाऊस, आणि उन्हाळ्यात काही पाड्यांवर टँकरची वाट बघावी लागते. तिथल्या मुलांना एक गोष्ट आवडेल. दात घासून झाले की फेस थुंकायचा आणि खळखळून चुळा भरायच्याच नाहीत! चुळा भरल्या की पेस्टमधलं फ्लोराइड लगेच वाहून जातं. थुंकून सोडून दिलं तर ते दातांवर राहतं आणि काम करतं. म्हणजे ब्रश ओला करायला आणि शेवटी धुवायला मिळून पेलाभर पाणी पुरे. याच मोखाडा तालुक्यात कोचाळे गावाजवळ मध्य वैतरणा धरण आहे. मुंबईला पाणी देणाऱ्या सात जलाशयांतला तो एक. मुंबईच्या वाचकांनो, एकदा नळाखाली बादली ठेवा, नळ नेहमीसारखा सोडा आणि दोन मिनिटं दात घासा. बादली किती भरली ते बघा.

दिवाळीनंतर जव्हार-मोखाड्यातली बरीच कुटुंबं वीटभट्टीवर कामाला जातात, मुलंही बरोबर जातात. गाठोड्यात भांडी, कपडे, गोधडी असते. प्रत्येकाचा ब्रशही त्यात हवा, प्रत्येकाचा वेगळा. सात-आठ वर्षांपर्यंत मुलांचा हात नीट वळत नाही, म्हणून धाकट्यांचे दात मोठ्या कुणी तरी घासून द्यावे लागतात. आई कामावर असेल तर ताई-दादांनी. ब्रशचे केस फिस्कटले की नवा घ्यायचा, साधारण तीन महिन्यांनी.

‘दुधाचे तर दात, पडणारच आहेत,’ असं म्हणणारं कुणी ना कुणी घरात असतंच. त्यांना सांगा की दुधाच्या दातांचं कवच बाळ आईच्या पोटात असताना, चौथ्या महिन्याच्या सुमारास बनायला लागतं. जन्माच्या वेळी त्या कामात जरा खंड पडतो आणि कवचात एक बारीक रेघ उमटते. पडलेल्या दाताचा काप करून सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर ती दिसते. रेघेच्या अलीकडचं आईच्या पोटातलं, पलीकडचं बाहेरच्या जगातलं. आईला त्या दिवसांत पोटभर चांगलं जेवण मिळालं नाही, तर कवच कच्चं राहू शकतं आणि असा दात लवकर किडतो. अंगणवाडीत गरोदर बायांना आहार देतात, त्याचा बाळाच्या दातांशी असाही संबंध आहे.

आता आरशासमोर जा, आ करा आणि खालच्या दातांच्या मधल्या फटीपासून एका बाजूला मोजत जा. दुधाचे दात प्रत्येक बाजूला पाचच असतात, चारही बाजू मिळून वीस. तुम्हाला सहावा सापडला, तर ती कायमची दाढ आहे. ती साधारण सहाव्या वर्षी येते आणि तिच्यासाठी एकही दात पडत नाही, सगळ्यांच्या मागे गुपचूप उगवते. त्यामुळे घरातल्या मोठ्यांना ती दुधाचीच वाटते. तिच्या खाचा खोल असतात, काही तर ब्रशच्या केसाहूनही अरुंद, म्हणून सगळ्यात आधी किडायचा धोका तिलाच. सरकारी रुग्णालयात दातांचे डॉक्टर भेटले तर त्यांना ती दाखवा आणि विचारा, या खाचा बुजवता येतील का? आणि रात्री ब्रश घेतलात की सुरुवात तिथूनच करा, मागून पुढे.