मधली गाडी कीं थोरली?

घरांत एखादी मोठी वस्तु घ्यावयाची ठरली म्हणजे दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, "घ्यायची तर मोठीच घ्या, पुन्हां पुन्हां का घ्यायची आहे?" दुसरा म्हणतो, "अंथरूण पाहून पाय पसरावे." पातेलें असो, कपाट असो, कीं वास्तु असो, हा वाद सनातन आहे. अमेरिकेंत पुतण्याकडे राहिलों असतां हाच वाद मीं एका मोटारीवरून ऐकला. आपल्यापैकीं पुष्कळांचीं मुलें आज त्या देशांत संसार करीत आहेत. म्हणून ती हकीकत येथें देत आहें.

पुतण्या मिशिगन संस्थानांत, डेट्रॉइट शहराजवळ राहतो. घरांत तो, सूनबाई, दोन मुलें आणि माझ्या वहिनी, म्हणजे त्याची आई, अशीं पांच माणसें. त्याला हवी होती 'पिकअप'. पुढें बसावयाची जागा आणि मागें उघडा हौदा असलेली मोटार. आपल्याकडे अशी गाडी बहुधा मालवाहतुकीस असते. तिकडे ती नोकरदार गृहस्थाच्या दारांतही उभी दिसते. फोर्ड कंपनीनें 1925 सालीं आपल्या मॉडेल टी गाडीला कारखान्यांतच हौदा बसवून ती 281 डॉलरांस विकावयास काढली. 1948 सालीं तिची 'एफ' मालिका निघाली, आणि 1977 पासून ती तेथील पिकअप गाड्यांत खपाच्या बाबतींत अग्रस्थानीं राहिली. या मालिकेंतील एफ-150 ही थोरली आणि त्याच कंपनीची रेंजर ही मधली. पुतण्याचा ओढा थोरलीकडे, सूनबाईंचा मधलीकडे. आणि पंच म्हणून दोघांनीं मला बसविलें.

मीं प्रथम मोजपट्टी मागितली. 2024 सालच्या नमुन्यांत चार दारांची एफ-150 सुमारें सव्वाएकोणीस फूट लांब, तर रेंजर साडेसतरा फूट. घराचें गॅरेज वीस फूट खोल. म्हणजे थोरली आंत गेली कीं पुढची-मागची मिळून आठ-नऊ इंच जागा उरणार! हा गुण मधलीचा. परंतु मागच्या आसनावर पाय ठेवण्यास थोरलींत नऊ इंच जागा अधिक. "भावजी, मधलींत माझे गुडघे मावत नाहींत हो," असें वहिनींनीं सांगून टाकलें. चार फूट रुंदीचा प्लायवुडचा तक्ता मात्र दोन्ही गाड्यांच्या हौद्यांत चाकांवरच्या उंचवट्यांमधून सपाट बसतो. म्हणजे थोरलीचा गुण तो पायांच्या जागेचाच.

पेट्रोलाच्या बाबतींत मात्र सर्वांचाच अंदाज चुकला. थोरली लहान इंजिनाची घेतली तर गॅलनमागें अंतर पडतें तें अवघें थोड्या मैलांचें. किंमतीचेंही तसेंच. सर्व सुखसोयींनीं सजविलेली मधली ही साध्या थोरलीहून महाग पडते.

खरा पेंच पुढेंच होता. चाकांवरची एक लहानशी खोली, म्हणजे ट्रेलर, घेऊन सुटींत हिंडावें अशी पुतण्याची हौस. तिचें वजन 5,000 पौंड. मधली 7,500 पौंडांपर्यंत ओढूं शकते असें जाहिरातींत छापलेलें असल्यामुळें सूनबाई निर्धास्त होत्या. परंतु चालकाच्या दाराच्या चौकटीवर एक लहान चिठ्ठी चिकटविलेली असते. माणसें आणि सामान मिळून गाडीवर किती भार घालावा, तो आंकडा तींत असतो. आम्हीं पाहिलेल्या मधलीवर तो 1,450 पौंड होता, म्हणजे साडेसहाशें किलोंच्या किंचित् वर. आतां हिशेब पाहा. घरचीं पांच माणसें सुमारें 600 पौंड. ट्रेलर मागें ओढला जात असला तरी त्याच्या वजनाचा शेंकडा दहा ते पंधरा हिस्सा गाडीच्या आंकड्यावर दाबून बसतो. ते 500 ते 750 पौंड. एकूण झाले 1,100 ते 1,350. राहिलेल्या शंभर ते साडेतीनशें पौंडांत मुलांच्या सायकली, पाण्याचे डबे, बिछाने आणि वहिनींची शिधासामग्री! जाहिरातींतला आंकडा खोटा नव्हता. पण तो भरल्या कुटुंबाचा नव्हता. पुतण्या विजयी मुद्रेनें हंसला.

सूनबाईंनीं शांतपणें विचारलें, "आपण हा ट्रेलर वर्षांतून किती दिवस ओढणार?" दिनदर्शिका काढून मोजले, दहा दिवसही भरेनात. हौद्याचें काम, म्हणजे बागेची माती आणि लांकूडसामान आणणें, महिन्यांतून एकदां. उरलेले दिवस कचेरी, शाळा आणि बाजार.

इतक्यांत एक गोष्ट अशी घडली कीं वादच संपला. विक्रेत्याच्या अंगणांत पुतण्या उभ्या थोरलींत चढून बसला असतां सहा वर्षांची धाकटी नात बॉनेटसमोर जाऊन उभी राहिली. त्याला तिच्या डोक्याचा केसही दिसेना. तेथील विमा कंपन्यांच्या महामार्ग-सुरक्षा संस्थेनें 2023 सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत असें आढळलें आहे कीं, बॉनेट 40 इंचांहून उंच असलेली गाडी पादचाऱ्याला धडकली तर ती प्राणघातक ठरण्याचा संभव 30 इंचांच्या आंतील उतरत्या बॉनेटच्या गाडीपेक्षां सुमारें 45 टक्क्यांनीं अधिक असतो. मधलीचें बॉनेटही कांहीं बुटकें नसतें. या बाबतींत तीही निर्दोष नव्हे. पण पुतण्या खालीं उतरला तो गंभीर होऊनच.

शेवटीं मधली आली. ट्रेलरचा बेत सोडून सुटींत रानांतल्या झोपड्या भाड्यानें घ्यावयाचें ठरलें. वहिनींना पुढचें आसन मिळालें आणि सूनबाई मुलांपाशीं मागें बसूं लागल्या.

यावरून थोरली गाडी वाईट असें मात्र कोणीं समजूं नये. ज्याला रोज गवंडीकामाचें साहित्य न्यावयाचें आहे, किंवा घोड्यांचा ट्रेलर ओढावयाचा आहे, त्यानें मधली घेणें म्हणजे तिच्यावर आणि रस्त्यावरील इतरांवरही अन्याय करणें होय. सांगावयाचें इतकेंच कीं, गाडी घेतांना आपल्या वर्षाचे दिवस मोजावे आणि दारावरची ती लहानशी चिठ्ठी वाचावी. अंथरूण पाहून पाय पसरावे हें खरेंच. पण त्याआधीं अंथरुणावर निजणारीं माणसें किती, तेंही मोजून घ्यावें.