घरची बिअर: शास्त्र ओळखीचं, कायदा बंद

हिंजवडी, माण, भूगाव, पिरंगुट ही सगळी गावं मुळशी तालुक्यातली. गेल्या पंचवीस वर्षांत इथल्या भातखाचरांच्या जागी सोसायट्या उभ्या राहिल्या आणि त्यांत परदेशात नोकरी करून आलेली कुटुंबंही राहायला आली. तिकडे घरी बिअर बनवण्याचं किट सुपरमार्केटच्या फळीवर सहज दिसतं. इकडे आल्यावर ते मागवून सुरुवात करावी, असं कुणाला वाटलं तर त्याने आधी दोन गोष्टी समजून घ्याव्यात. किटमागचं शास्त्र मराठी घराला परकं नाही. आणि ते किट शेवटापर्यंत वापरणं महाराष्ट्रात आज गुन्हा आहे. या दोन गोष्टींमधलं अंतर कमी व्हायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

डब्यात काय असतं?

ऑस्ट्रेलियातल्या कूपर्स कंपनीचं किट जगभर प्रसिद्ध आहे. त्यात १.७ किलोचा एक डबा असतो. डब्यातला काकवीसारखा दाट पाक म्हणजे जवाच्या माल्टचा अर्क. हॉप्स या वेलीच्या फुलांचा कडवटपणा त्यात आधीच उतरवलेला असतो. सोबत यीस्टची छोटी पुडी. हा पाक आणि सुमारे किलोभर साखर गरम पाण्यात विरघळवायची, थंड पाणी घालून २३ लिटर करायचं, वर यीस्ट सोडायचं आणि झाकण लावायचं. आतला कार्बन डायऑक्साइड बाहेर जावा पण बाहेरची हवा आत येऊ नये, यासाठी झाकणाला पाण्याची छोटी नळी असते.

यातलं अवघड काम कारखान्यात आधीच झालेलं असतं. ते म्हणजे माल्टिंग. आपल्याकडे बाळासाठी नाचणीचं सत्त्व करताना नाचणी भिजवतात, मोड आणतात, वाळवतात, दळतात. मोड येताना दाण्यात एन्झाइम तयार होतात. पिठूळ स्टार्च तोडून त्याची साखर करणं हे त्यांचं काम. म्हणून मोड आलेल्या नाचणीची पेज पातळ होते, गोडसर लागते आणि पचायला हलकी असते. जवाचं माल्ट याच रीतीने होतं. फरक धान्याचा आणि पुढच्या पायरीचा. ती पायरी यीस्टची.

यीस्ट हा सजीव आहे आणि आंबवणं हे त्याचं काम आहे, हे लुई पाश्चरने प्रयोगांनी दाखवलं. बिअरवरचा त्याचा ग्रंथ १८७६ सालचा. १८८३ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हान्सेनने एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवलं. किटमधली पुडी ही त्या शोधाची थेट वारस आहे. जंगली यीस्ट आणि जिवाणू बाजूला ठेवून आपल्याला हवं ते एकच यीस्ट वाढवायचं, म्हणून तर प्रत्येक भांडं, चमचा, बाटली आधी धुऊन मग निर्जंतुक करावी लागते. किट बिघडण्याचं नेहमीचं कारण अस्वच्छता.

दुसरं कारण तापमान. बिअरचे एल आणि लागर असे दोन मुख्य प्रकार; एलच्या यीस्टला साधारण १८ ते २२ अंश सेल्सिअस मानवतं, लागरच्या यीस्टला ८ ते १२. त्याहून उष्णता वाढली की यीस्ट घाई करतं आणि उग्र वासाची अल्कोहोलं तयार होतात. एप्रिलमध्ये पुणे परिसराचा पारा ३८ अंशांच्या वर जातो. तेव्हा इथे फ्रिज किंवा थंड खोलीशिवाय हे काम जमणार नाही.

तिसरी गोष्ट मोजमापाची. हायड्रोमीटर द्रवाची घनता दाखवतो. सुरुवातीला १.०४० आणि शेवटी १.०१० आली तर फरक ०.०३०, त्याला १३१ ने गुणलं की अल्कोहोल जवळपास ४ टक्के. सलग दोन-तीन दिवस आकडा हलला नाही, तरच बाटल्या भरायच्या. साखर शिल्लक असताना बूच लावलं तर गॅसच्या दाबाने काच फुटते आणि माणूस जखमी होऊ शकतो.

कायदा काय म्हणतो?

मुंबई दारूबंदी अधिनियम १९४९ सालचा. १९५१ च्या बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यातली काही कलमं रद्द केली, पण कायद्याचा गाभा टिकला. आज तो महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम म्हणून लागू आहे. कलम १२ प्रमाणे परवान्याशिवाय मद्य बनवता येत नाही आणि कलम ६५ मध्ये त्याची शिक्षा आहे. विकण्यासाठी की स्वतःसाठी, हा फरक इथे उपयोगी पडत नाही. बिअर पिण्याचं किमान वय २१ आहे. ते पूर्ण झालं म्हणून ती बनवण्याचा हक्क मिळत नाही.

या कडकपणामागे खरं दुःख आहे. २००४ मध्ये विक्रोळीत आणि २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने माणसं मेली. मालवणीतल्या मृतांचा आकडा शंभरावर गेला. त्यातली बहुतेक कष्टकरी घरांतली. ही जाण ठेवूनच पुढचं बोललं पाहिजे. त्या दारूतलं विष मिथेनॉल होतं, औद्योगिक वापराचं. जव, साखर आणि यीस्ट यांच्या आंबवण्यातून तसं जीवघेणं मिथेनॉल तयार होत नाही. धोका वेगळा असेल तर नियमही वेगळा हवा.

इतर देशांनी तो केला. ब्रिटनमध्ये १८८० पासून घरच्या बिअरला परवाना लागत असे; १९६३ च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री रेजिनल्ड मॉडलिंग यांनी ती अट काढली. अमेरिकेत १९३३ मध्ये दारूबंदी उठली, तेव्हा घरच्या वाइनला मुभा मिळाली, बिअर मात्र राहून गेली. ती चूक दुरुस्त करणाऱ्या विधेयकावर जिमी कार्टर यांनी ऑक्टोबर १९७८ मध्ये सही केली. एका प्रौढाच्या घराला वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा अधिक प्रौढांच्या घराला २००, आणि विक्रीला बंदी. पुढच्या दशकांत तिथे छोट्या ब्रुअरी काढणारे कितीतरी जण आधी घरच्या भांड्यावर शिकलेले होते.

आपल्याकडे वाट उलटी आहे: आधी परवाना, मग शिकणं. तरीही पुण्यात चांगलं काम झालं. २००९ मध्ये सुकेतु तळेकर आणि प्रतीक चतुर्वेदी यांनी जर्मन ब्रूमास्टर ऑलिव्हर शाउफ यांच्या साथीने इथे डूलाली ही मायक्रोब्रुअरी सुरू केली. रोहन रेहानी आणि नितीन विश्वास यांनी पुण्याजवळ मूनशाइन मीडरी उभी करून मधापासून मीड बनवलं. पण परवाना, जागा आणि यंत्रं यांचा खर्च पेलणारेच या वाटेने जाऊ शकतात. ज्याला केवळ शिकायचं आहे, त्याला दार नाही.

तोवर काय करावं?

यीस्ट पडेपर्यंतचं सगळं आजही करता येतं. जव भिजवा, चार-पाच दिवस मोड येऊ द्या, मंद उष्णतेवर वाळवा, जाडसर भरडा. तिप्पट पाण्यात ६५ अंशांवर तासभर ठेवा. सुरुवातीला थोडा द्रव बशीत घेऊन आयोडीनचा थेंब टाकला तर काळा-निळा रंग येईल. तासाभराने नवा नमुना घेतला आणि रंग आला नाही, तर स्टार्चची साखर झाली. तपासलेला नमुना फेकून द्या. उरलेला गोड काढा गाळून, उकळून प्या. मुलांसोबत करावा असा हा प्रयोग आहे. यीस्टचा स्वभाव पावाच्या पिठात शिकता येतो. आणि बिअर बनताना पाहायची असेल, तर परवाना असलेल्या मायक्रोब्रुअरीत जाऊन बनवणाऱ्याशी बोलावं.

सरकारकडे मागणं मोठं नाही. राज्य उत्पादन शुल्क विभागाने घरगुती आंबवणीसाठी अल्प शुल्काचा वार्षिक परवाना द्यावा. वयाची अट २१ ठेवावी, वर्षाला किती लिटर ते ठरवावं, विक्रीला आणि ऊर्ध्वपातनाला पूर्ण बंदी ठेवावी. कृषी महाविद्यालयांत आंबवणीचे छोटे अभ्यासक्रम सुरू करावेत आणि परवाना त्यांच्याशी जोडावा. स्वच्छता आणि मोजमाप शिकलेला माणूस चोरून शिकणाऱ्यापेक्षा अधिक सुरक्षित असतो, आणि विषारी दारू बनवणाऱ्यांमागे लागायला विभागाला अधिक वेळ मिळतो. नाचणीला मोड आणणाऱ्या समाजाला हे शास्त्र शिकवणं कठीण नाही. फक्त नियमाने ते उघडपणे शिकू दिलं पाहिजे.