भिंतीवर रस्त्याची लाल खूण आलीय? सही करण्याआधी हे वाचा

सकाळी दोघं-तिघं टेप घेऊन येतात, भिंतीवर लाल खूण मारतात आणि निघून जातात. मग पारावर चर्चा सुरू होते. कोणी म्हणतं पाच फूट जाणार, कोणी म्हणतं ओट्यासकट पडवी जाणार. रस्ता तर सगळ्यांनाच हवाय. ॲम्ब्युलन्स दारापर्यंत यावी, उसाची ट्रॉली गल्लीत अडकू नये. पण त्यासाठी जाणारी जागा नेमकी कोणाची, यावर पुढचं सगळं ठरतं.

रस्ता कोणाचा?

ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग साधारणपणे जिल्हा परिषदेकडे असतात. प्रमुख जिल्हा मार्ग आणि राज्य मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. राष्ट्रीय महामार्गाचा कायदाच वेगळा आहे. त्यामुळे अर्ज कुठे करायचा हे आधी समजून घ्या.

जागा कोणाची?

गावठाणातल्या घराला सहसा सातबारा नसतो. बहुतेकांकडे ग्रामपंचायतीचा नमुना 8 चा उतारा असतो. पण तो घरपट्टीचा कागद आहे, त्यावरून मालकी सिद्ध होत नाही. ड्रोन मोजणी झालेल्या गावात मालमत्ता पत्रक, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड मिळतं. ते, जुनं खरेदीखत आणि भूमी अभिलेख कार्यालयातला गावठाणाचा नकाशा, हे सगळं एकत्र ठेवा. हद्दीबद्दल वाद असेल तर रीतसर फी भरून मोजणी मागा. टेपवाल्याचा अंदाज म्हणजे मोजणी नव्हे.

खूण तुमच्या हद्दीत असेल तर

तुमची जागा फुकट घेता येत नाही. 2013 च्या भूसंपादन कायद्यानुसार प्राथमिक अधिसूचना निघाल्यापासून 60 दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी हरकत घेता येते. राष्ट्रीय महामार्ग असेल तर मुदत फक्त 21 दिवसांची. भरपाईत जमिनीबरोबर घर, विहीर, झाडं यांचीही किंमत धरावी लागते आणि त्या एकूण रकमेवर तेवढीच दिलासा रक्कम मिळते.

भरपाई कमी वाटली तर 2013 च्या कायद्यात दाद मागता येते. पण पैसे घेताना ‘हरकत कायम ठेवून स्वीकारले’ असं लिहून द्या. गुपचूप घेतले तर वाढीव रकमेचा अर्ज करण्याचा हक्क जातो.

खूण सरकारी हद्दीत असेल तर

ओटा, पत्र्याचं शेड किंवा पायऱ्या रस्त्याच्या हद्दीत आल्या असतील तर त्या जागेची भरपाई मिळेल असं धरून चालू नका. पण तरीही थेट जेसीबी लावता येत नाही. उत्तर प्रदेशातल्या महाराजगंज जिल्ह्यात 2019 साली रस्ता रुंदीकरणात एकाचं घर पाडलं गेलं. लेखी नोटीस नव्हती, नुसती दवंडी दिली होती. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2024 मध्ये त्याला 25 लाख रुपये अंतरिम भरपाई द्यायला लावली आणि सगळ्या राज्यांसाठी पद्धत घालून दिली. आधी नोंदीनुसार रस्त्याची रुंदी तपासायची. अतिक्रमण दिसलं तर लेखी नोटीस द्यायची. हरकत आली तर कारणांसह निर्णय द्यायचा. हरकत फेटाळली तर स्वतःहून काढून घ्यायला पुरेसा वेळ द्यायचा. आणि आहे ती जागा कमी पडत असेल तर आधी कायद्याने संपादन, मग रुंदीकरण.

आता काय करायचं?

कोऱ्या किंवा न वाचलेल्या संमतिपत्रावर सही करू नका. ‘सगळ्यांनी केलीय’ हे काही कारण नाही. किती जागा, किती रक्कम आणि कधी मिळणार, हे कागदावर असल्याशिवाय अंगठाही नको. घर सामाईक असेल तर भावा-बहिणींनाही कळवा, त्यांचाही हिस्सा असतो.

माहिती अधिकारात 10 रुपयांच्या अर्जावर मंजूर आराखडा, रस्त्याची मंजूर रुंदी आणि संपादनाचे आदेश मागा. 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. एकेकट्याने धावण्यापेक्षा गल्लीतल्या सगळ्यांनी मिळून अर्ज द्या आणि ग्रामसभेत विषय नोंदवून घ्या. वळण थोडं सरकवून घरं वाचत असतील तर ते सांगायची वेळ आराखडा कागदावर असतानाच असते. खडी पडल्यावर ऐकणारं कोणी नसतं.

प्रत्येक अर्जाची पोच घ्या, मोबाईलवर फोटो काढून ठेवा. आणि भिंतीवरच्या लाल खुणेचाही, तारखेसकट.