न येणाऱ्यांची यादी

सकाळी सव्वानऊ

डोंबिवली पूर्वेला, स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर, पहिल्या मजल्यावर आमचा दातांचा दवाखाना. दोन खुर्च्या, रोजच्या एक डॉक्टर मॅडम, ठरलेल्या वारी येणारे दोघं (एक तारा लावणारे, एक अक्कलदाढा काढणारे सर्जन), दोन असिस्टंट, साफसफाईच्या मावशी आणि काउंटरवर मी. वेळ दहा ते दीड, मग पाच ते नऊ.

कॉम्प्युटर सुरू केला की सॉफ्टवेअरमध्ये दोन भाग दिसतात. डावीकडे आजच्या अपॉइंटमेंट, उजवीकडे कामांची यादी. काउंटरवर नवीन बसलेली कुठलीही मुलगी आधी डावीकडे बघते. मी उजवीकडून सुरुवात करते. अपॉइंटमेंटवाला पेशंट दारात उभा राहून स्वतःची आठवण स्वतः करून देणार असतो. यादीत मात्र ते असतात जे येणार नाहीत, आणि आले नाहीत हे कुणाला कळणारही नाही.

वरची चार-पाच कामं रोज आपोआप पडतात. खुर्च्यांच्या पाण्याच्या नळ्या दोन मिनिटं वाहू देणे, कॉम्प्रेसरमधलं साचलेलं पाणी काढणे, ऑटोक्लेव्हची पहिली फेरी लावणे. सोमवारी त्यात जंतूंच्या पट्टीची चाचणी येते. ऑटोक्लेव्ह खरोखर जंतू मारतो की नुसता गरम होतो, ते तिच्यावरून कळतं. या रोजच्या कामांचं एक दुखणं आहे. हाताला सवय लागते आणि काम न करताच बरोबरची खूण पडते. म्हणून ऑटोक्लेव्हच्या कामाला आमच्याकडे नुसती खूण चालत नाही. १२१ अंश आणि १५ पौंड दाब किती वाजता गाठला आणि पाकिटावरच्या पट्टीचा रंग बदलला का, हे असिस्टंटने लिहायचं. लिहायला लागलं की बघायला लागतं.

आज यादीत सगळ्यात वर लाल अक्षरांत एकच शब्द: संकष्टी.

ही माझी भर. सॉफ्टवेअरला रोज, दर सोमवारी, दर महिन्याच्या पाच तारखेला, दर सहा महिन्यांनी असं सगळं समजतं. तिथी समजत नाही. म्हणून जानेवारीत कालनिर्णय समोर ठेवून वर्षभराच्या संकष्ट्या मी एकेक करून टाकून ठेवते. कारण साधं आहे. दाढ काढायला उपाशीपोटी आलेला माणूस इंजेक्शनची सुई बघूनच घामाघूम होतो. आणि उपास पाळणाऱ्या बायका ‘चहा घेतलाय ना’ म्हणून हसत खुर्चीत बसतात. आज संध्याकाळी सातला एका काकूंची दाढ काढायची आहे. त्यांना दहाच्या आत फोन.

‘काकू, आज चतुर्थी आहे ना, तुमचा उपास असतो का?’

‘असतो की. पण मी रात्री चंद्रोदयानंतर जेवणार आहे, काही प्रश्न नाही.’

प्रश्न आहे. सातला दाढ काढली तर तासभर कापूस दाबून धरायचा, ओठ-जीभ दोन-तीन तास बधीर, त्यात गरम काही खायचं नाही. म्हणजे दिवसभराचा उपास आणि मोदकाच्या ताटासमोर बसून थंड दूध. काकूंना हे चित्र मी सांगितल्यावर त्यांनी स्वतःच उद्याची वेळ मागितली.

दहा ते दीड

सकाळचा वेळ खुर्च्यांचा. या वेळात यादीतलं काम होत नाही, फक्त वाढतं. डॉक्टरांचे दोन्ही हात पेशंटच्या तोंडात असतात आणि त्या बोलत जातात: ‘छत्तीसला ड्रेसिंग ठेवलंय, आठ दिवसांनी बोलवा.’ असिस्टंट लगेच पेशंटच्या फाइललाच जोडून काम टाकते. छत्तीस म्हणजे खालची डाव्या बाजूची पहिली मोठी दाढ. आमच्याकडे दातांना नावं नाहीत, नंबर आहेत.

काम कसं लिहायचं यावर मी फार कटकट करते, हे मला माहीत आहे. ‘पेशंटला फोन करणे’ हे काम मी परत पाठवते. माझ्या दृष्टीने काम असं दिसतं: ‘३६, रूट कॅनल पूर्ण, कॅप नाही. मुलीच्या नंबरवर फोन, दुपारी दोननंतर. पुढच्या आठवड्यात संध्याकाळची वेळ द्यावी.’ उद्या मी रजेवर गेले तरी माझ्या जागी बसलेल्या कुणालाही फाइल न उघडता तो फोन करता आला पाहिजे. आणि कामापुढे नाव एकाचंच. ‘सर्व स्टाफ’ असं लिहिलेलं काम दिवसभर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असतं आणि संध्याकाळी जसंच्या तसं असतं.

साडेअकराला लॅबचा मुलगा आला. बाइकवरून तीन-चार क्लिनिकं करत येतो, हेल्मेटसुद्धा काढत नाही. आज एक माप गेलं: ४६, झिरकोनिया कॅप, शेड ए-२. पूर्वी यादीत ‘लॅबला पाठवणे’ असं काम असायचं. त्याचा उपयोग शून्य, कारण पाठवायचं कोणी विसरत नाही. मुलगा दारात उभाच असतो. विसरतं ते परत यायचं. त्यामुळे आता पाठवताना पाठवण्याचं काम टाकतच नाही. कॅप बसवायची अपॉइंटमेंट ज्या दिवशी, त्याच्या आदल्या दिवशी सकाळची तारीख घालून लिहिते: ‘कॅप आली का? हातात घेऊन नंबर आणि शेड बघणे.’ पेशंट अर्धी रजा टाकून येतो आणि कॅप अजून लॅबमध्येच असते, हा प्रसंग कुठल्याही दातांच्या दवाखान्यात नवा नाही. आदल्या सकाळी कळलं तर निदान पेशंटला घरी थांबवता येतं.

बाराच्या सुमाराला कचऱ्याची गाडी. पिवळी पिशवी, लाल पिशवी, सुयांचा पांढरा डबा, काचेचा निळा. बारकोड लावून वजनाची नोंद. अठ्ठेचाळीस तासांवर ठेवायचं नाही हा नियम, म्हणून गाडी आली नाही तर लगेच फोन करण्याचं काम मावशींच्या नावावर आहे. त्यांना कॉम्प्युटर येत नाही. त्या काउंटरवर येऊन ‘गेली गं गाडी’ म्हणतात आणि मी खूण करते.

दुपारी पावणेदोन

शटर अर्धं खाली. डॉक्टर घरी, असिस्टंट डब्यावर. माझं खरं काम आता सुरू होतं. डोंबिवलीत सकाळी फोन केला तर माणूस लोकलमध्ये असतो, संध्याकाळी केला तरी लोकलमध्येच. दुपारी ऑफिसात जेवण झालेलं असतं, आवाज शांत असतो.

आधी तिसऱ्या दिवसाचे फोन. दाढ काढली की त्याच रात्री रक्त थांबलंय का ते विचारतो, पण दुसरा फोन तिसऱ्या दिवशी. काढलेल्या जागी रक्ताची गुठळी धरते. ती निघून गेली तर हाड उघडं पडतं आणि बरं वाटायला लागलेल्या माणसाला दोन-चार दिवसांनी अचानक जबरदस्त कळा सुरू होतात. तंबाखू-सिगारेटवाल्यांना हे जास्त. पेशंटला वाटतं दाढ काढल्यावर दुखणारच, आणि तो गोळ्या खात बसतो. फोन गेला तर तो बोलतो. सर्जननी दाढ काढल्याची नोंद केली की सॉफ्टवेअर तिसऱ्या दिवसाचं आणि सातव्या दिवसाचं, म्हणजे टाके काढायचं, अशी दोन्ही कामं आपण होऊन टाकतं. हे मात्र मला फार आवडतं.

आज परवाच्या पेशंटला विचारलं, तर ‘ठीक आहे’ म्हणाले. मी विचारलं, काल जास्त दुखत होतं की आज? ‘आज जरा जास्त आहे खरं.’ संध्याकाळी साडेपाचला बोलावलं. ‘ठीक आहे’ ऐकून खूण केली असती, तर यादी स्वच्छ झाली असती आणि माणूस रात्रभर जागा राहिला असता.

मग सगळ्यात लांब भाग: रूट कॅनल झालं, कॅप नाही. दुखणं पेशंटला आमच्याकडे आणतं, आणि आम्ही दुखणं थांबवलं की त्याच्या दृष्टीने काम संपतं. आमच्या दृष्टीने निम्मं झालेलं असतं. नस काढलेली दाढ आतून पोखरलेली, ठिसूळ. कॅपशिवाय तिच्यावर शेंगदाणे, चिक्की, सुपारी फोडत राहिलात तर एक दिवस उभी चिरते आणि मग ती काढावीच लागते. ज्यांचं रूट कॅनलच अर्धवट आहे त्यांचं तर आणखी वाईट. वरचं तात्पुरतं सिमेंट झिजतं आणि जंतू परत आत.

‘अहो पण आता दुखत नाहीये ना, मग कशाला यायचं?’ हे वाक्य मी दुपारी अनेकदा ऐकते. मी वाद घालत नाही. ‘डॉक्टरांनी फक्त बघायला बोलावलंय’ असंही खोटं सांगत नाही. दाढ चिरली तर पुढे काय खर्च होतो, तेवढं सांगते. आणि उत्तर शब्दशः लिहून ठेवते: ‘मुलाची बारावी आहे, मेनंतर.’ ‘पितृपक्ष संपू दे.’ ‘बोनस झाल्यावर.’ या नोंदींमुळेच पुढचा फोन कधी करायचा ते ठरतं. बारावीवाल्या घरी फेब्रुवारीत फोन करणं म्हणजे पेशंट कायमचा घालवणं. फोन उचलला नाही तर काम उघडंच राहतं. मी नंबर फिरवला याची खूण करण्यात काय अर्थ आहे?

सव्वादोनला एका आजोबांच्या घरी फोन. उद्या अकराला त्यांचा हलणारा दात काढायचा आहे. हृदयाला स्टेंट, रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू. हृदयाच्या डॉक्टरांचं पत्र अजून आलं नाही, हे काम मॅडमच्या नावावर तीन दिवस पडून होतं. डॉक्टरांच्या नावावर काम टाकणं सोपं असतं. त्या आपली यादी उघडत नाहीत, चहाच्या वेळी मलाच वाचून दाखवावी लागते. आज सून म्हणाली, ‘गोळी आम्ही परवापासूनच बंद केलीय. म्हटलं रक्त जास्त जायला नको.’

यात माझं काम सल्ला देण्याचं नाही. ‘ताई, पाच मिनिटांत डॉक्टरच तुम्हाला फोन करतील’ एवढंच म्हणाले आणि मॅडमना घरी फोन लावला. जेवण अर्धवट टाकून त्या हृदयाच्या डॉक्टरांशी बोलल्या. स्टेंटवाल्याने मनाने गोळी बंद करणं दातातून थोडं रक्त येण्यापेक्षा कितीतरी धोक्याचं; एका दाताचं रक्त दाबून, टाका घालून थांबवता येतं. आजच गोळी चालू करायची, उद्याची वेळ कायम. मी नवीन नियम त्याच वेळी टाकला: रक्त पातळ होण्याची गोळी अशी नोंद असलेल्या पेशंटची दात काढायची तारीख ठरली, की त्याच दिवशी घरी फोन, ‘गोळी स्वतःहून बंद करू नका.’

पाच ते नऊ

संध्याकाळचं फार सांगण्यासारखं नाही. लोकल वेळेवर असली तर सगळं वेळेवर. साडेसहानंतरच्या पेशंटना मी सांगून ठेवलंय, ठाणे सोडलं की मेसेज करा. त्यावरून मी आत कोणाला आधी पाठवायचं ते ठरवते. आज फास्ट गाड्या उशिरा होत्या, तर काकूंच्या रिकाम्या झालेल्या सातच्या वेळेत साडेपाचवाले तिसऱ्या दिवसाचे पेशंट बसले, आणि त्यांचा भाऊ स्वतःचाही दात दाखवून गेला.

काउंटरचा स्क्रीन मी भिंतीकडे वळवून ठेवते. कोणाची कॅप राहिलीय, कोणाचे पैसे राहिलेत, हे शेजारच्या सोसायटीतल्या माणसाने वाचायचं नाही.

रात्री नऊ

अपॉइंटमेंट संपल्या. यादीत जे उरलं ते उद्यावर ढकलायचं एक बटण आहे, आणि ते मी वापरत नाही. एकेक काम उघडते. दोन कामं उद्या, एक पुढच्या सोमवारी. एका बाईंचं काम बंद केलं: कॅप दुसरीकडे करून घेतली असं त्यांनी स्पष्ट सांगितलं, तसं लिहून. त्यांना आता वर्षभर फोन करून कोणाचं भलं होणार नाही.

आजोबांच्या हृदयाच्या डॉक्टरांचं पत्र साडेआठला मोबाइलवर आलं होतं. ते फाइलला जोडलं आणि सकाळच्या असिस्टंटच्या नावावर काम टाकलं: ‘अकरा वाजता खुर्चीत बसवण्याआधी पत्र मॅडमना दाखवणे. नाश्ता आणि गोळी घेतली का, विचारून लिहिणे.’

मॅडम पर्स खांद्याला लावून दारात थांबल्या. ‘बरं, उद्या मला आठवण करा, इम्प्लांटवाल्या बाईंना तीन महिने होतायत, एक्स-रे काढायचाय.’

‘मॅडम, तेवढं टाइप करून जाता का?’

त्या परत आत आल्या, उभ्याउभ्याच दोन बोटांनी टाइप केलं आणि विचारलं, ‘कोणाच्या नावावर टाकू?’

‘तुमच्याच.’