विश्लेषण : रॉक मैफलीतील गर्दी जीवघेणी कधी ठरते? दोष प्रेक्षकांचा की नियोजनाचा?

नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर जानेवारी २०२५ मध्ये ‘कोल्डप्ले’चे तीन कार्यक्रम झाले. त्याच वर्षी मे महिन्यात ‘गन्स अँड रोझेस’ महालक्ष्मी रेसकोर्सवर वाजवून गेले. याच रेसकोर्सवर ‘लोलापलूझा’ महोत्सव २०२३ मध्ये पहिल्यांदा भरला. हजारो प्रेक्षक तासन्तास उभे राहून ऐकतात, असे कार्यक्रम आता मुंबईकरांना नवे नाहीत. मात्र अशा गर्दीची एक कटू आठवण ‘गन्स अँड रोझेस’च्या नावाशी जोडलेली आहे. २० ऑगस्ट १९८८ रोजी इंग्लंडमधील डॉनिंग्टन येथे त्यांचे वादन सुरू असताना मंचासमोरच्या चिखलात गर्दी कोसळली आणि दोन तरुण प्रेक्षक दगावले. बँडने वादन थांबवून मागे सरकण्याची विनंती केली होती. ती ऐकूनही गर्दीला मागे का सरकता आले नाही, हा या विषयातला कळीचा प्रश्न आहे.

‘मॉश पिट’ म्हणजे मारामारी नव्हे?

बाहेरून पाहणाऱ्याला ती मारामारीच वाटते. मंचासमोर मोकळे रिंगण तयार होते आणि त्यात तरुण-तरुणी एकमेकांना खांद्याने, छातीने धडका देत नाचतात. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतील हार्डकोअर पंक मैफलींत हा प्रकार रुजला आणि पुढे मेटल संगीतात आला. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये अशा रिंगणांच्या चित्रफितींचा अभ्यास प्रसिद्ध केला. धडका देणाऱ्यांची हालचाल बंद भांड्यातील वायूच्या रेणूंसारखी असते आणि गोल फिरणारे रिंगण (सर्कल पिट) भोवऱ्यासारखे वागते, असे त्यात आढळले. म्हणजे या गोंधळालाही एक गणित आहे.

यातली महत्त्वाची गोष्ट अशी, की धडका द्यायला जागा लागते. रिंगणात माणसे धावतात, पडतात, उठतात, कारण त्यांच्यामध्ये अंतर असते. खरचटणे, मुका मार, क्वचित हाड मोडणे हे धोके आहेतच. पण रॉक मैफलींतील मोठ्या दुर्घटना बहुधा रिंगणातल्या धडकांमुळे झालेल्या नाहीत. जिथे हात हलवायलाही जागा उरली नव्हती, तिथे त्या घडल्या.

प्रेक्षकांचे अलिखित नियम कोणते?

पहिला नियम, कोणी पडला तर आजूबाजूच्यांनी थांबून त्याला उचलायचे. रिंगणाच्या कडेला उभ्या असलेल्याला आत ओढायचे नाही. ज्याला यायचे तो स्वतः येईल. चष्मा, बूट, पाकीट सापडले तर उंच धरून दाखवायचे. डोक्यांवरून सरकत येणाऱ्याला (क्राउड सर्फिंग) पुढे कठड्यापाशी सुरक्षारक्षकांच्या हातात सोपवायचे. गर्दीचा फायदा घेऊन कोणी मुलींच्या अंगचटीला येत असेल, तर त्याला तिथल्या तिथे बाहेर काढायचे. हा शेवटचा नियम सांगितला जातो जास्त आणि पाळला जातो कमी. अनेक मुली मैदानाच्या कडेलाच उभ्या राहणे पसंत करतात, त्याचे हे एक कारण आहे.

काही कलाकारांनीही हे नियम मंचावरून राबवले. वॉशिंग्टनचा ‘फुगाझी’ हा बँड हाणामारी करणारा प्रेक्षक दिसला, की गाणे थांबवत असे आणि त्याच्या तिकिटाचे पैसे परत देऊन त्याला बाहेरचा रस्ता दाखवत असे.

आपल्याकडे धोबीतलावच्या रंगभवनात ‘इंडिपेन्डन्स रॉक’ ऐकलेल्या पिढीला हे नियम कोणी शिकवावे लागले नव्हते. तिथली गर्दी बरीचशी एकमेकांच्या तोंडओळखीची होती. आजच्या मोठ्या कार्यक्रमांत मात्र अशी पहिलीच मैफल ऐकायला आलेले प्रेक्षक पुष्कळ असतात. त्यांना हा शिष्टाचार माहीत असेल, असे गृहीत धरता येत नाही.

मग माणसे दगावतात कशी?

गर्दीच्या दुर्घटनेला इंग्रजीत ‘स्टॅम्पीड’ म्हणतात. बिथरलेल्या गुरांच्या कळपाची पळापळ, हा त्याचा मूळ अर्थ. आपला ‘चेंगराचेंगरी’ हा शब्द त्यापेक्षा अचूक आहे, कारण बहुतेक वेळा कोणी पळत नसते. पळायला जागाच नसते. माणसे उभ्या उभ्या दाबली जातात, छातीचा भाता फुगू शकत नाही आणि श्वास कोंडून मृत्यू येतो. पायदळी तुडवले जाण्यापेक्षा हे कारण अधिक आढळते.

गर्दीशास्त्राचे अमेरिकी अभ्यासक जॉन फ्रुइन यांनी याची मर्यादा सांगितली आहे. एका चौरस मीटरमध्ये सुमारे सात माणसे झाली, की गर्दी द्रवासारखी वागू लागते. मागून आलेला धक्का लाटेसारखा पुढे जातो, माणसे काही फूट आपोआप सरकतात, पायातले बूट निघून येतात. अशा वेळी ‘मागे सरका’ म्हणण्याला अर्थ उरत नाही. ऐकणाऱ्याची इच्छा असली तरी त्याचे शरीर त्याच्या ताब्यात नसते. फ्रान्समधील संशोधकांनी स्पेनच्या पाम्प्लोना शहरातील सॅन फर्मिन उत्सवाच्या गर्दीवर २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यासही हेच दाखवतो. घनता ठरावीक मर्यादेपलीकडे गेली, की शेकडो माणसांचा जमाव कोणी ढकलले नाही तरी एकत्रितपणे गोलाकार डोलू लागतो.

मुंबईकर इथे लोकलचे उदाहरण देतील, आणि ते रास्त आहे. गर्दीच्या वेळी डब्यात चौरस मीटरमागे १४ ते १६ उभे प्रवासी असतात, असे रेल्वेचीच परिभाषा सांगते. मग रोज दुर्घटना का होत नाही? डबा लहान असतो, भिंती आणि खांब जोर अडवतात, आणि काही मिनिटांत स्थानक येते. मैदानात मात्र शेकडो रांगांचा रेटा एकमेकांत मिसळत पुढच्या कठड्यापर्यंत पोहोचतो आणि मधे तो अडवणारे काहीच नसते.

सिनसिनाटीत काय घडले होते?

या विषयाची चर्चा ३ डिसेंबर १९७९ या तारखेपाशी येतेच. अमेरिकेतील सिनसिनाटी शहराच्या रिव्हरफ्रंट कोलिसियममध्ये ‘द हू’ या ब्रिटिश बँडचा कार्यक्रम होता. सुमारे १८ हजार तिकिटांपैकी बहुतांश ‘फेस्टिव्हल सीटिंग’ची, म्हणजे जो आधी आत जाईल त्याला पुढची जागा, अशी होती. कडाक्याच्या थंडीत हजारो तरुण दुपारपासून दारांबाहेर उभे होते. आतून संगीताचे सूर आले. कार्यक्रम सुरू झाला, असे समजून मागचे पुढे रेटू लागले. प्रत्यक्षात दारे मोजकीच उघडली होती. दारापाशी काय चालले आहे, हे मागच्यांना दिसत नव्हते. तिथे ११ तरुणांचा जीव गेला. बँडला याची कल्पना कार्यक्रम संपल्यावर दिली गेली.

दुसऱ्या दिवसापासून टीकेचा रोख प्रेक्षकांवर होता. काही स्तंभलेखकांनी त्यांना रानटी ठरवले. रॉक, अमली पदार्थ आणि बिघडलेली पिढी हे समीकरण तयारच होते. मात्र समाजशास्त्रज्ञ नॉरिस जॉन्सन यांनी प्रत्यक्षदर्शींच्या जबाबांचा अभ्यास करून १९८७ मध्ये वेगळेच चित्र मांडले. सैरावैरा धावणारा, दुसऱ्याला तुडवून पुढे जाणारा जमाव त्यांना आढळला नाही. उलट, अनोळखी माणसे एकमेकांना उचलत होती, पडलेल्यांभोवती कडे करत होती, जोवर त्यांना हात हलवता येत होते तोवर.

इंग्लंडमध्ये १९८९ च्या हिल्सबरो फुटबॉल मैदानातील दुर्घटनेबाबतही हेच झाले. दारू प्यालेले, बेशिस्त प्रेक्षक असा ठपका आधी ठेवला गेला. प्रेक्षकांचा दोष नव्हता, हा चौकशी ज्युरीचा निर्णय येण्यास २०१६ साल उजाडले. त्या दुर्घटनेतील मृतांचा आकडा आज ९७ आहे. दोष गर्दीच्या माथी मारणे सर्वांना सोयीचे असते. गर्दीला पत्ता नसतो आणि तिचा वकीलही नसतो.

आयोजनात नंतर काय बदलले?

सिनसिनाटीने त्याच महिन्यात ‘फेस्टिव्हल सीटिंग’वर बंदी घातली; ती २००४ पर्यंत टिकली. खरा धडा मात्र डेन्मार्कच्या रोस्किल्ड महोत्सवाने दिला. ३० जून २००० रोजी ‘पर्ल जॅम’चे वादन सुरू असताना पावसाने निसरड्या झालेल्या मैदानात मंचासमोर माणसे पडली. नऊ तरुण दगावले. गायक एडी व्हेडर प्रेक्षकांना मागे सरकण्यासाठी विनवत होता. त्यानंतर रोस्किल्डने मंचासमोरची जागा कठडे घालून छोट्या कप्प्यांत विभागली, कप्प्यात किती जण सोडायचे ते मोजायला सुरुवात केली आणि क्राउड सर्फिंग बंद केले. मागच्या हजारोंचा रेटा पुढच्या शंभरांवर येऊ नये, ही यामागची साधी कल्पना. पंढरीच्या वाटेवर दिंड्यांना क्रमांक आणि जागा ठरवून दिलेल्या असतात, त्यातही गर्दीचे तुकडे पाडण्याचे हेच शहाणपण आहे.

फ्रुइन यांच्या मते गर्दीची दुर्घटना चार गोष्टींवर ठरते : जोर, माहिती, जागा आणि वेळ. यांतली एकही प्रेक्षकाच्या हातात नसते. दारे किती, कधी उघडायची, किती तिकिटे विकायची, पडदे कुठे लावायचे, पाणी कुठे ठेवायचे, हे सगळे आयोजक ठरवतात.

कार्यक्रम थांबवण्याचा अधिकार कोणाला?

ह्यूस्टन येथे ५ नोव्हेंबर २०२१ रोजी ‘ॲस्ट्रोवर्ल्ड’ महोत्सवात रॅपर ट्रॅव्हिस स्कॉटच्या कार्यक्रमात गर्दीत दाबले जाऊन १० जणांचा मृत्यू झाला. सर्वांत लहान मुलगा नऊ वर्षांचा होता. संगीत रॅप असले तरी मैदानाची रचना आणि प्रेक्षकांचे वागणे रॉक महोत्सवाचेच होते. मोठ्या संख्येने लोक जखमी झाल्याची घोषणा यंत्रणांनी केल्यानंतरही कार्यक्रम सुमारे अर्धा तास सुरू राहिला. पुढे ग्रँड ज्युरीने कोणावरही फौजदारी आरोप ठेवले नाहीत. गर्दीतून ‘थांबवा’ असे ओरडणारे प्रेक्षक होते. पण ध्वनिवर्धकांपुढे त्यांचा आवाज कोणाला ऐकू जाणार? मंचावर प्रखर प्रकाशात उभ्या असलेल्या कलाकाराला पाचव्या रांगेपलीकडचे नीट दिसत नाही. म्हणून मंचाच्या कडेला उभ्या असलेल्या एका ठरावीक व्यक्तीकडे आवाज बंद करण्याचा अधिकार आधीच दिलेला असणे आवश्यक ठरते. वाद्ये थांबवणे, मैदानातले दिवे लावणे आणि शांत आवाजात सूचना देणे, एवढ्याने पुढच्या रांगांवरचा दाब पुष्कळदा उतरतो.

भारतातील अनुभव काय?

गुरगाव येथे २८ ऑक्टोबर २०११ रोजी ‘मेटालिका’चा भारतातील पहिलाच कार्यक्रम होणार होता. मंचासमोरचा कठडा तुटला, कार्यक्रम आधी पुढे ढकलल्याचे जाहीर झाले आणि अखेर रद्द झाला. संतापलेल्या प्रेक्षकांनी मंचावर चढून मोडतोड केली. त्या मोडतोडीचे समर्थन होऊ शकत नाही. पण कठडा तुटल्यावरही कार्यक्रम रेटून न नेण्याचा निर्णय योग्यच होता. चुकले ते प्रेक्षकांना वेळेवर आणि स्पष्ट माहिती न देणे. दोनच दिवसांनी हाच बँड बंगळूरुमध्ये वाजवून गेला.

अधिक बोलके उदाहरण कोचीचे आहे. कोचीन विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठात २५ नोव्हेंबर २०२३ रोजी संगीत कार्यक्रम सुरू होण्याआधीच चौघांचा मृत्यू झाला. खुल्या रंगमंदिराबाहेर थांबलेले लोक पाऊस येताच आत शिरले आणि प्रवेशद्वारालगतच्या उतरत्या पायऱ्यांवर पुढचे कोसळले. ना मॉश पिट, ना नशा, ना हुल्लडबाजी. पाऊस, अरुंद वाट आणि पायऱ्या एवढे पुरेसे ठरले. एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर सप्टेंबर २०१७ मध्ये याहून वेगळे काय होते?

आणि मोबाइलचे काय?

उंच धरलेल्या फोनमुळे जीव जात नाही, चिडचिड होते. मागच्याला मंच दिसत नाही, तो टाचा उंचावतो, पुढे सरकतो. बॉब डिलन, जॅक व्हाइट यांच्या कार्यक्रमांत फोन कुलूपबंद पिशवीत ठेवायला लावतात. आपल्याकडे तिकीटच फोनवर असते आणि घरी जायची गाडीही फोनवरूनच बोलवावी लागते, तेव्हा हा उपाय इथे कितपत रुजेल याबद्दल शंका आहे. एखाद्या गाण्याचे चित्रण करून फोन खिशात ठेवणे एवढे तरी जमण्यासारखे आहे.

दाटीत सापडल्यास काय करावे?

शेजाऱ्यांचा स्पर्श एक-दोन बाजूंनी होत असेल तर काळजी नाही. चारही बाजूंनी अंग लागू लागले आणि हात सहज चेहऱ्यापर्यंत नेता येईनासा झाला, की आवडते गाणे सुरू असले तरी तिथून निघावे. ही वेळ टळली तर पुढे निघता येत नाही. बाहेर पडताना रेट्याच्या विरुद्ध जाऊ नये. धक्क्याची लाट ओसरली की तिरके, कडेच्या दिशेने सरकावे. दोन्ही हात मुठी वळून छातीसमोर धरावेत, म्हणजे श्वासापुरती जागा राहते. ओरडण्यात दम घालवू नये. खाली पडलेली वस्तू, मग ती फोन का असेना, उचलायला वाकू नये. स्वतः पडलात आणि उठता आले नाही, तर कुशीवर वळून गुडघे पोटाशी घ्यावेत, डोके हातांनी झाकावे. कठडा किंवा भिंत जवळ असेल तर तिच्यापासून दूर राहावे, कारण सर्वाधिक दाब तिथेच येतो. आणि मैदानात शिरताना ज्या दाराने आलो त्याखेरीज दुसरे दार कुठे आहे, हे पाहून ठेवावे. रात्री दिवे लागले की हजारो माणसे सवयीने आलेल्या दाराकडेच वळतात.